दोन दवाखाने, एक तालुका: कंपनीच्या तज्ज्ञांचा मोफत वेळ कुठे लावावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पुण्यातली मध्यम आकाराची सॉफ्टवेअर कंपनी आहे. कर्मचाऱ्यांनी कामाच्या वेळेतले काही तास समाजासाठी विनामोबदला द्यावेत असं व्यवस्थापनाने ठरवलंय. 'वन हेल्थ'ची, म्हणजे माणसांचं आणि जनावरांचं आरोग्य एकत्र बघण्याची, कल्पना सगळ्यांना पटली आणि माणसांचे डॉक्टर व जनावरांचे डॉक्टर एकत्र यावेत यासाठी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्यात काम करायचं नक्की झालं. तुमच्या मनात दोघांसाठी मिळून एक अ‍ॅप आहे, जोडीला संयुक्त शिबिर आहे, आणि हे सगळं सीएसआरच्या (कंपन्यांना कायद्याने करावा लागणाऱ्या सामाजिक खर्चाच्या) हिशोबात बसेल का ही शंका आहे. सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंय.

मी पशुवैद्यक. तालुक्याच्या दवाखान्यात बरीच वर्षं काढली, पुढे आरोग्य खात्याबरोबर रेबीज आणि ब्रुसेल्लोसिस (जनावरांपासून माणसांना होणारा जिवाणूंचा आजार) यांवर काम केलं. कंपन्यांची मदत घेणारा म्हणूनही अनुभवली आणि मध्यस्थ म्हणूनही. त्यावरून लिहितोय. तुमच्या जिल्ह्यात काही गोष्टी वेगळ्या पडतील. त्या कुठे पडतील तेही सांगतो.

हिशोबाचं आधी उरकून टाकू. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालच्या अनुसूची ७ मध्ये प्रतिबंधात्मक आरोग्यसेवाही आहे आणि पशुकल्याणही, त्यामुळे विषय बसतो. पण कर्मचाऱ्यांच्या तासांची किंमत लावून ती सीएसआर खर्च म्हणून दाखवता येत नाही. २०१४ च्या परिपत्रकात स्वयंसेवक कर्मचाऱ्यांच्या पगाराचा तेवढा भाग धरायची मुभा होती. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने प्रश्नोत्तरांच्या रूपात जो खुलासा काढला, त्यात याला स्पष्ट नकार आहे. म्हणजे तास फुकटच द्यायचे. प्रकल्पासाठी रोख खर्च झाला, समजा नमुने पाठवायच्या पेट्या किंवा प्रशिक्षणाचा खर्च, तर तो कसा दाखवायचा हे तुमच्या सीएला विचारा. आणि तुमची कंपनी रुग्णालयांना सॉफ्टवेअर विकत असेल तर नेहमीच्या व्यवसायाचा भाग सीएसआरमध्ये चालत नाही, हे आधीच लक्षात घ्या.

आता मूळ मुद्दा. 'दोन डॉक्टरांना एका व्यासपीठावर आणायचं' असं तुम्ही लिहिलंय. तालुक्याच्या गावी वैद्यकीय अधिकारी आणि पशुधन विकास अधिकारी, म्हणजे सरकारी पशुवैद्यक, एकमेकांना चांगले ओळखतात हो. आमसभेला शेजारी बसतात, एकाच टपरीवर चहा पितात. आमच्या घरची आजारपणं ते बघतात आणि त्यांच्या सासऱ्यांच्या म्हशीसाठी फोन आम्हाला येतो. ओळखीची वानवा नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी: एकाच्या रजिस्टरमधली गोष्ट दुसऱ्याच्या टेबलावर पोचायला सरकारी रस्ताच नाही. जे पोचतं ते ओळखीवर पोचतं, आणि दोघांपैकी एकाची बदली झाली की थांबतं.

कुत्रा चावलेलं पोर घ्या. आई त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात आणते. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली जाते, निदान जायला हवी. जखमेची श्रेणी ठरते, लस सुरू होते, तिसरी, म्हणजे सगळ्यांत गंभीर श्रेणी असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन). रजिस्टरमध्ये नाव, वय, गाव, तारीख, श्रेणी, डोसांच्या तारखा. कुत्र्यासाठी मात्र एकच रकाना असतो, 'पाळीव की भटका'. विषय संपला.

खरं तर कुत्र्याचा विषय तिथे सुरू व्हायला हवा. चावलेला कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवायचा असतो. लस त्यासाठी थांबवायची नाही, ती लगेच सुरू करायची. पण दहा दिवसांनंतर कुत्रा ठणठणीत असेल तर पुढच्या डोसांचा निर्णय बदलू शकतो, आणि मेला तर धोका फक्त त्या पोरापुरता राहत नाही. हे दहा दिवस कुत्रा बघतो कोण? वैद्यकीय अधिकाऱ्याचं ते काम नाही. आशाताई मालकाला विचारते, मालक 'बरा आहे' म्हणतो. पशुवैद्यकाला चावा झालाय हेच माहीत नसतं. चौथ्या दिवशी कुत्र्याचा खालचा जबडा लोंबायला लागतो, लाळ गळते, मालक त्याला बांधावर पुरून टाकतो. मधल्या काळात तो शेजारच्या गोठ्यातल्या गाईला चावून गेलेला असतो.

काही आठवड्यांनी ती गाय चारा सोडते, लाळ गाळते, घोगऱ्या आवाजात हंबरते. मालकाला वाटतं घशात काही अडकलंय. तो कोपरापर्यंत हात तोंडात घालतो. कधी दवाखान्यातला परिचरही घालतो, घाईत असला तर पशुवैद्यकही. आता लस लागणारी आणखी तीन माणसं तयार झाली, आणि त्यांची यादी पशुवैद्यकीय दवाखान्यात आहे. आरोग्य केंद्राला ती कोण देणार? रस्ता दोन्ही बाजूंनी बंद आहे, हे इथे दिसतं.

कुत्रा भटका असेल तर तिसरा भिडू येतो. २०२३ च्या श्वान जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी. म्हणजे ग्रामपंचायत किंवा नगरपालिका. माणूस आरोग्य खात्याचा, गाय पशुसंवर्धन खात्याची, कुत्रा ग्रामसेवकाच्या गळ्यात.

हे सगळं इतकं लांबवून सांगितलं, कारण तुमच्या लोकांची गरज नेमकी इथे आहे. रजिस्टरला चार रकाने वाढवायचे: कुत्रा कुठे सापडेल, त्याला लस टोचलेली आहे का, पशुवैद्यकाला कळवल्याची वेळ, दहाव्या दिवशी कुत्र्याची स्थिती. पशुवैद्यकाच्या बाजूला एकच: संशयित जनावराला हात लावलेली माणसं कोण. एका तालुक्यात आम्ही हे छापील कागद आणि फोनवरच्या निरोपावर केलं. कागदाला वेळ लागलाच नाही. वेळ लागला तो भलत्याच प्रश्नांना. वैद्यकीय अधिकारी रजेवर असेल तर निरोप कोण पाठवणार? रविवारी आलेला चावा सोमवारी कळवला तर चालेल का? कुत्रा दुसऱ्या तालुक्याच्या हद्दीत असेल तर? पशुवैद्यकाने निरोप वाचलाय हे कळणार कसं? सॉफ्टवेअर कंपनीतली जी माणसं ग्राहकाकडे बसून 'बरं, मग पुढे काय होतं?' असं चिकाटीने विचारत राहतात, त्यांना हे उत्तम जमतं. आमच्या खात्यांत तो प्रश्न कुणी विचारत नाही, कारण प्रत्येकाला आपल्यापुरतं उत्तर पाठ असतं. तुमच्या कंपनीची सगळ्यांत मोलाची देणगी हीच माणसं. कोड लिहिणारे नंतर लागतील, लागले तर.

अ‍ॅपबद्दल माझा सूर यावरून कळलाच असेल. आरोग्य केंद्र आपली माहिती आधीच आयएचआयपी या सरकारी आरोग्य पोर्टलवर भरतं. पशुसंवर्धनाचे लोक कानातल्या बारा अंकी बिल्ल्याच्या नंबरावर 'भारत पशुधन' या सरकारी प्रणालीत नोंदी करतात. आशाताईच्या फोनमध्ये किती अ‍ॅप आहेत ते एकदा तिलाच दाखवायला सांगा. त्यात तुमचं तिसरं लॉगिन आलं की पहिल्या महिन्यात उत्साहाने भरलं जाईल, दुसऱ्या महिन्यात बैठकीच्या आदल्या रात्री भरलं जाईल. आणि जे भरलं जाईल त्यावर तुम्ही नकाशे काढाल.

मग तंत्रज्ञान कधी उपयोगी पडतं? गोव्याचं उदाहरण बघा, आपल्या शेजारचंच आहे. मिशन रेबीज या संस्थेने राज्य सरकारबरोबर तिथे कुत्र्यांचं सामूहिक लसीकरण केलं. लस मोठ्या प्रमाणावर एमएसडी अ‍ॅनिमल हेल्थ या कंपनीने दान दिली. २०१३ ते २०१९ या काळाचा अहवाल प्रसिद्ध झालाय: स्मार्टफोनच्या साहाय्याने पथकांची आखणी करून ९५ हजारांहून जास्त कुत्र्यांना लस, सत्तर टक्के व्याप्ती, दर वर्षी दीड लाख मुलांपर्यंत शाळेतून माहिती. कुत्र्यांमधल्या रेबीजच्या मासिक केसेस ९२ टक्क्यांनी घटल्या आणि माणसांमधले मृत्यू थांबले. २०२१ मध्ये राज्य 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' जाहीर झालं.

या गोष्टीत दोन बाबी तुमच्या कामाच्या आहेत. एक, अ‍ॅप वापरणारी माणसं पूर्णवेळ त्याच कामावर होती. कोणत्या वाडीत जायचं हे त्यांना सकाळी फोनवर दिसायचं आणि संध्याकाळी कुठला भाग राहिला ते कळायचं. ज्याने माहिती भरली त्यालाच दुसऱ्या दिवशी तिचा उपयोग होता. आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्याला तसा उपयोग दिसला नाही तर तो का भरेल? दुसरी, कंपनीने आपल्याकडे जे होतं ते दिलं. लसवाल्यांनी लस दिली. तुमच्याकडे लस नाही, म्हणून तुम्ही काय देऊ शकता याचा विचार सॉफ्टवेअरच्या पलीकडे जाऊन करा.

उदाहरणार्थ, नमुना पाठवणं. संशयित कुत्रा मेला की निदानासाठी त्याचा मेंदू तपासावा लागतो. म्हणजे डोकं बर्फात, गळती होणार नाही अशा तिहेरी पॅकिंगमध्ये, पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाच्या प्रयोगशाळेत पोचवायचं. कुरिअरवाला 'आत काय आहे' विचारतो आणि उत्तर ऐकून हात वर करतो. थर्माकोलची पेटी मेडिकलवाल्याकडून मागून आणायची, बर्फ मासळीबाजारातून, आणि माणूस आपलाच पाठवायचा. बरेच नमुने यामुळे जातच नाहीत, आणि नमुना गेला नाही की कागदावर रेबीज नसतो. तुमच्या कंपनीत खरेदी, पुरवठा, वाहतूक सांभाळणारं खातं असेलच. त्यातल्या एका जाणत्या माणसाने तालुका ते औंध हा रस्ता बसवून दिला, म्हणजे पेटी कुठे ठेवायची, पॅकिंग कोण करणार, कोणत्या वाहतूकदाराशी करार, पोच कुणाला, तर एखाद्या अ‍ॅपपेक्षा ते काम मोठं ठरेल. वार्षिक अहवालात फोटो फारसा चांगला येणार नाही, एवढंच.

कोकणाच्या बाजूचा अनुभव आणखी वेगळा. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून माकडताप आहे. कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये सापडलेला तोच विषाणू, पलीकडे गोव्यात सत्तरी तालुक्यातही आहे. तो गोचिडांमधून पसरतो. पहिली सूचना बहुतेक वेळा मेलेल्या माकडाची असते, आणि ते दिसतं काजूच्या बागेत गेलेल्या माणसाला. माकड वनखात्याचं. शवविच्छेदन पशुवैद्यकाने करायचं, तेही पुरेशा संरक्षक पोशाखात. मेलेल्या माकडाभोवती ५० फुटांच्या परिघात कीटकनाशक भुकटी मारायची. तापाचे रुग्ण आरोग्य केंद्राचे. जंगलात चरून आलेली गुरं स्वतः आजारी पडत नाहीत, पण गोचीड गोठ्यात आणतात, तो भाग पुन्हा पशुसंवर्धनाकडे. डिसेंबर ते मे हा मोसम, त्यातच काजूचा हंगाम. इथे उशीर एक-दोन दिवसांचा झाला तरी फरक पडतो. असा जिल्हा असेल तर एकच फोन नंबर, तो उचलणारा माणूस, आणि त्याने या सगळ्या खात्यांना पाठवायचा ठरलेला मजकूर, एवढ्यावर तुमचे लोक कामाला लागू शकतात. त्यातली तांत्रिक बाजू एका दुपारची आहे; तो नंबर कोणत्या खात्याच्या नावावर राहील याची सही मिळवायला मात्र चिकाटी लागेल.

शिबिराबद्दल. एकाच मांडवात एका बाजूला माणसांची तपासणी, दुसऱ्या बाजूला जनावरांची, मध्ये बॅनर. गर्दी होते, जंतनाशकाच्या गोळ्या वाटल्या जातात, दोन्ही बाजूंचे डॉक्टर आपापल्या रांगेत घाम गाळतात आणि एकमेकांशी बोलायला कुणालाच उसंत मिळत नाही. मला ही शिबिरं आवडत नाहीत, स्पष्टच सांगतो. गावाला त्रास नाही, पण तुम्हाला जे हवंय ते त्यातून होत नाही.

त्यापेक्षा दूधपट्ट्यात ब्रुसेल्लोसिस घ्या. गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते (तिचा गर्भपात होतो), वार अडकते, मालक उघड्या हाताने ओढून काढतो. पुढे त्याला रोज संध्याकाळी ताप, घाम, कंबर आणि सांधे धरलेले. गावातले डॉक्टर टायफॉइड समजून औषध देतात, थोडं बरं वाटतं, ताप पुन्हा येतो. खऱ्या उपचाराला दोन औषधं सहा आठवडे घ्यावी लागतात. ओपीडीच्या कागदावर एकच ओळ वाढवली, 'घरात गाय-म्हैस गाभडली आहे का?', तर डॉक्टरच्या डोक्यात दिवा पेटतो. उलट बाजूने, गाभडलेल्या गाईची खबर आली की पशुवैद्यकाने घरातल्या माणसांना तापाचं विचारायचं. केंद्राच्या पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात सप्टेंबर २०१९ पासून चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना ब्रुसेल्लाची लस टोचली जाते. ती जिवंत लस आहे; टोचणाऱ्याच्या हातात चुकून सुई गेली तर त्यालाच आजार होऊ शकतो. हे कित्येक फिजिशियनना ठाऊक नसतं. दोन्ही बाजूंच्या वीसेक डॉक्टरांना अर्धा दिवस बसवून अशाच केसेसवर बोलतं करायचं असेल, तर तुमच्या प्रशिक्षण विभागाने ती सत्रं आखायला मदत करावी. आशयाचं आम्ही बघतो. आम्हा लोकांना स्लाइड वाचून दाखवण्यापलीकडे शिकवता येत नाही.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे, ते सांगतो. सगळ्यांत जास्त अवलंबून आहे जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्यावर. दोन्ही खात्यांना एकाच टेबलावर बसवण्याचा अधिकार तालुक्यात कुणाला नाही, तो तिथे आहे. ते अनुकूल असतील तर पत्र त्यांच्या नावे द्या. नसतील तर एक तालुका, दोन उत्सुक अधिकारी आणि गाजावाजा न करता सहा महिने. दुसरं, तुमचे तास कसे मिळणार यावर. वीस जणांचे महिन्याला चार-चार तास असतील तर त्याचा आम्हाला त्रासच जास्त, कारण प्रत्येकाला पहिल्यापासून समजवावं लागतं. आयबीएमने २००८ मध्ये कर्मचाऱ्यांची पथकं सलग महिनाभर एका ठिकाणी पाठवायचा उपक्रम सुरू केला होता, तो विचार मला पटतो. महिना जमत नसेल तर दोनच माणसं द्या, पण वर्षभर तीच द्या. तिसरं, तुमची कंपनी काय विकते यावर. सॉफ्टवेअरवाल्यांचं एक बरं असतं, औषधवाल्यांइतका संशय येत नाही. एखादी औषधकंपनी मोफत प्रशिक्षण द्यायला आली आणि शेवटच्या स्लाइडवर तिचंच प्रतिजैविक असलं तर पुढच्या वेळी कुणी येत नाही.

करार छोटा ठेवा, पण काही गोष्टी त्यात हव्यातच. तुम्ही गेल्यावर हे कोण चालवणार, त्याचं पदनाम. व्यक्तीचं नाव नको, बदल्या होतात. काही बनवलंत तर ते खात्याच्या सर्व्हरवर, कोडसकट, पासवर्डसकट. रुग्णाची माहिती खात्याबाहेर जाता कामा नये. पशुवैद्यकाला रुग्णाचं नाव कळण्याची गरजच नसते. गाव, तारीख, जनावर कोणतं आणि ते कुठे आहे एवढं पुरतं. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तुमच्या विधी विभागाला माझ्यापेक्षा चांगला माहीत असेल. तो कराराचा मसुदा त्यांनीच मराठीत करून दिला तर तीही एक देणगीच, कारण आमच्याकडे असे मसुदे कुठून तरी उतरवलेले असतात.

तुमचे लोक गोठ्यात किंवा लसीकरणाच्या पथकाबरोबर जाणार असतील तर त्यांना चावा बसण्याआधी घ्यायची रेबीजची लस आधीच द्या, गाभडलेल्या जनावराजवळ फिरकू देऊ नका, आणि टोचणं-पकडणं नोंदणीकृत पशुवैद्यक व प्रशिक्षित माणसांवर सोडा. कुत्र्याच्या पिल्लाबरोबरचे फोटोही टाळा. हे मनुष्यबळ विभागाला आत्ताच कळवा, शेवटच्या आठवड्यात लसीचे डोस पुरे होत नाहीत.

जिल्हा कोणता हे तुम्ही लिहिलेलं नाही. तो कळवा, आणि तिथला दूधसंघ मोठा आहे की लहान हेही. दूधसंघाचे स्वतःचे पशुवैद्यक असतात, त्यांच्या गाभडण्याच्या नोंदी बहुधा सरकारी नोंदींपेक्षा नीट असतात, आणि त्या असतील तर कुत्र्यांऐवजी ब्रुसेल्लापासून सुरुवात करणं सोपं जाईल. ओपीडीच्या कागदाचा आणि चावा-रजिस्टरच्या वाढीव रकान्यांचा मराठी नमुना माझ्याकडे आहे, तो पाठवतो. तुमच्या माणसांनी आधी तो एका आरोग्य केंद्रात नेऊन तिथल्या परिचारिकेला दाखवावा आणि ती कुठे अडते ते लिहून आणावं.